वल्हें आणि चेंडूफळी : विद्यालयीन खेळांच्या इतिहासाची कांहीं चिकित्सा

संस्थांचे स्मरणग्रंथ, महाविद्यालयांचे महोत्सवी अंक आणि खेळांच्या नियमपुस्तकांच्या आरंभीं जोडलेलीं चार-पांच पानें, एवढ्यांतच आमच्याकडील खेळांचा इतिहास आजवर बहुतेक लिहिला गेला आहे. या वाङ्मयांत दोन विधानें इतक्या वेळां येतात कीं, त्यांना पुरावा मागावा असें आतां कोणास वाटेनासें झालें आहे. पहिलें विधान असें कीं, नावांची शर्यत हा प्रकार इंग्रजी कॉलेजांनीं या देशांत आणिला. तत्पूर्वीं दक्षिणेंतील नदीवर नाव होती ती पैलतीरास जाण्यापुरती. दुसरें याच्या अगदीं उलट दिशेचें. चेंडू आणि फळी यांचे यच्चयावत् खेळ, क्रिकेट व अमेरिकेंतील बेसबॉल यांसुद्धां, आमच्या विटीदांडूचीं लेंकरें होत. पहिल्यांत आपल्याकडे कांहींच नव्हतें हें गृहीत आहे, दुसऱ्यांत सर्व कांहीं होतें हें. परंतु दोहोंचा दोष एकच: मधल्या काळाचा कागद कोणी पाहिलेला नाहीं.

विषय पोरखेळाचा आहे, त्यावर संशोधनमंडळाच्या पत्रांत पानें कशाला खर्च करावीं, असा आक्षेप कांहीं वाचक घेतील. त्यांस इतकेंच सांगावयाचें कीं, ज्या दप्तरांतून या प्रश्नाचें उत्तर निघावयाचें त्यांतील पुष्कळसें सातारा व सांगली या भागांत नदीकांठच्या घरांत पडलेलें आहे, आणि नदी त्याची वाट पाहत नाहीं.

प्रथम शब्द पाहूं. मराठींत "वल्हें" हा शब्द दोन भिन्न साधनांस सारखाच चालतो. एक वल्हें मोकळें, दोन्ही हातांत धरून पाण्यांत खुपसावयाचें. दुसरें लांब, नावेच्या कडेस किंवा कडेबाहेर काढलेल्या लोखंडी आधारांत अडकवून तरफेप्रमाणें ओढावयाचें. इंग्रजी कॉलेजांची शर्यत या दुसऱ्या वल्ह्याची. तींत वल्हेकरी जावयाच्या दिशेकडे पाठ करून बसतो. पुढें काय आहे तें केवळ सुकाणूवाल्यास दिसतें. बैठकही सरकती असते. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांची शर्यत १८२९ सालीं सुरू झाली, पण सरकती बैठक तींत आली १८७३ सालीं. म्हणजे ज्यास आपण साहेबाची पुरातन परंपरा समजतों तीही लोहार-सुतारांच्या सुधारणांनीं वेळोवेळीं बदललेली आहे. त्यावर आणखी "नौकानयन" हा एकच शब्द शीड, सुकाणू, वल्हें व दर्यावर्दी विद्या या सर्वांना आम्ही लावतों. तेव्हां एखाद्या लेखांत "अमुक सालीं नौकानयनास प्रारंभ झाला" असें वाक्य आलें म्हणजे लेखकानें नक्की कशाचा प्रारंभ सांगितला हें वाचकानें ताडावें तरी कसें?

आतां पाणी. शर्यतीच्या लांबट, हलक्या इंग्रजी नावेस खोल, संथ व पुष्कळ दूरवर सरळ असलेलें पाणी लागतें. देशावरील नद्यांचा स्वभाव असा नाहीं. कृष्णा, वेण्णा, कोयना, मुळा, मुठा, कोणतीही घ्या. चार महिने लोंढा आणि नंतर डोह व खडक. माहुलीच्या संगमावर वैशाखांत उभें राहिलें असतां तेथें इंग्रजी नाव चालवावी हें कोणाच्या मनांतही येणार नाहीं. पुण्यास तें शक्य झालें याचें कारण कॉलेज नव्हे. येरवड्याजवळ सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्यानें जो बंधारा घालण्यांत आला तो १८५० च्या सुमारास पुरा झाला, हेतु पाणीपुरवठ्याचा. बंधाऱ्यामागें पाणी तुंबून संगमाच्या बाजूस नावा हांकण्याजोगा पल्ला तयार झाला. पुढें त्याच पाण्यावर साहेबलोकांचा रॉयल कॅनॉट बोट क्लब निघाला; १८६८ सालीं डेक्कन कॉलेज येरवड्याच्या नव्या इमारतींत नदीजवळ आलें; आणि १८५४ सालीं लहानशा वर्गाच्या रूपानें सुरू झालेल्या व १९११ पासून इंजिनिअरिंग कॉलेज या नांवानें चाललेल्या संस्थेचा बोट क्लब १९२८ सालीं स्थापन झाला. क्लब १९२८ चा खरा, पण पाणी त्याच्याहून पाऊणशें वर्षांनीं वडील आहे. स्थापनेचें वर्ष आणि संस्थापकांचीं नांवें मोठ्या टाइपांत छापणाऱ्या इतिहासांत ही गोष्ट क्वचितच आढळते, आणि ती गाळली कीं सारा वृत्तांत उत्साही तरुणांच्या संकल्पाची कथा होऊन बसतो.

या क्लबाच्या वार्षिक रेगाट्याविषयीं येथें दोन शब्द लिहिणें योग्य होईल. रेगाटा हा शब्द व्हेनिसचा. त्याचा मूळ अर्थ शर्यत. परंतु मुठेवरील रेगाट्यांत शर्यतीपेक्षां प्रदर्शनाचा भाग मोठा आहे. शेल नांवांच्या लांब नावांचे खेळ, पंटांची रचना, कयाकांचें संगीतावर नर्तन, अंधार पडल्यावर मशालींचा नाच, आणि शेवटीं पाण्यावर दिव्यांची बाणाकृति. यांतील इंग्रजी किती आणि आमच्या घाटांवरील दीपोत्सवांच्या पाहण्यांतून आलेलें किती, याचा विचार करण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांनीं नुसतें उसनें घेतलें असें म्हणणारांनीं एकदां हा सोहळा पाहावा. ऑक्सफर्डच्या माणसास तो ओळखीचा वाटणार नाहीं.

आतां कृष्णेकडे वळूं. सांगली, सांगलवाडी, कवठेपिरान, कसबे डिग्रज, समडोळी या बाजूस पावसाळ्यांत नदी भरून वाहूं लागली म्हणजे होड्यांच्या शर्यती होत आल्या आहेत. गांव विरुद्ध गांव, मंडळ विरुद्ध मंडळ. लांब अरुंद होडी, दोन्ही बाजूंस वल्हेकरी, मागें सुकाणूवाला, आणि घाटावर व पुलावर माणसांची दाटी. ही शर्यत कॉलेजानें आणिलेली नव्हे, हें तिचा हंगामच सांगतो. इंग्रजी शर्यतीस संथ पाणी हवें. ही शर्यत चढत्या पाण्यावरची. जी नदी इंग्रजी नावेस निरुपयोगी, तीच या होडीस अनुकूल. तेव्हां पहिलें विधान सांगलीच्या घाटावर टिकत नाहीं.

परंतु इतक्यावर समाधान मानून "आमची शर्यत पुरातन आहे" असें लिहिणारांचीही वाट मोकळी करून देणें बरोबर होणार नाहीं. ती किती पुरातन? नदी ओलांडण्याचीं साधनें या भागांत पुष्कळ होतीं. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड, पांगाऱ्याचा बिंडा, गुऱ्हाळांतील काहील. काहील तर अलीकडच्या महापुरांतही माणसें वाहून नेण्यास कामीं आली. "सांगड घालणें" हा वाक्प्रचार आपण दररोज वापरतों आणि तो नदींतून आला हें विसरतों. नावेच्या नोंदीही दुर्मिळ नाहींत. साताऱ्याचें गॅझेटियर १८८५ सालीं निघालें. त्यांत तरींची माहिती आहे. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस बसून पटवर्धनी कागदांतून जो ऐतिहासिक लेखसंग्रह सिद्ध केला, त्याचे वाचक जाणतात कीं, फौजेच्या पत्रांत नदीस उतार मिळाला कीं नाहीं, नावा जमल्या कीं नाहींत, हा केवढा जिवाचा प्रश्न असे. हें सर्व नावेचें झालें. शर्यतीचें नव्हे. नाव होती म्हणून शर्यत होती असें म्हणणें हें घोडा होता म्हणून घोड्यांच्या शर्यती होत्या असें म्हणण्यासारखें आहे.

आमचा एक तर्क आहे, तो तर्क म्हणूनच पुढें ठेवितों. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालीं खुला झाला. तोंपर्यंत पावसाळ्यांत सांगली व सांगलवाडी यांमधील रहदारी नावेवर अवलंबून होती. पूल होतांच नावाड्याचें मुख्य काम गेलें. ओझें वाहणारी रुंद नाव मागें पडली, आणि वल्हेकऱ्यांचें कसब व आपापल्या कांठाचा अभिमान यांना शर्यतीची अरुंद होडी हें एकच स्थान उरलें. म्हणजे शर्यत पुलाच्या आधींची असली तरी तिचें हल्लींचें रूप, केवळ शर्यतीसाठींच बांधलेली होडी, हें पुलानंतरचें असावें. हा तर्क खोटा ठरविण्यास तरीच्या मक्त्याचा एक कागद किंवा होडी बांधल्याच्या खर्चाचा १९२९ पूर्वींचा एक हिशेब पुरे आहे. तो ज्या कोणाच्या संग्रहीं असेल त्यानें तो प्रसिद्ध करावा. खोटें ठरण्यांत आम्हांस आनंदच आहे.

दुसऱ्या विधानाकडे वळतांना बेसबॉलची हकीकत थोडी विस्तारानें सांगतों, कारण कागद जपणारांना ती फार बोधक आहे. अमेरिकेंत कॉलेजा-कॉलेजांमधील पहिली चढाओढ १८५२ सालीं हार्वर्ड व येल यांच्या नावांची झाली. ती विनिपसॉकी सरोवरावर भरविण्यास निमित्त झालें तें एका रेल्वे कंपनीच्या अधिकाऱ्याचें. उतारू वाढावे म्हणून त्यानें खर्च सोसण्याचें कबूल केलें. बेसबॉलची पहिली कॉलेजी लढत १ जुलै १८५९ रोजीं पिट्सफील्ड येथें झाली आणि अ‍ॅम्हर्स्टनें विल्यम्सचा ७३ विरुद्ध ३२ असा पराभव केला. विसाव्या शतकाच्या आरंभीं हा खेळ अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ म्हणून मिरवूं लागला, तेव्हां त्याची उत्पत्ति इंग्लंडांत झाली हें कांहींना सोसेना. १९०५ मध्यें चौकशीसमिति बसली. अ‍ॅब्नर ग्रेव्ह्ज नांवाच्या वृद्ध गृहस्थानें एका वृत्तपत्रास पत्र लिहून कळविलें कीं, कूपर्सटाउन येथें पुढें सेनापतिपदास चढलेल्या अ‍ॅब्नर डबलडे यांनीं हा खेळ शोधून काढिला. तें साल पुढें १८३९ ठरलें. त्या सालीं पत्रलेखकाचें वय पांच वर्षांचें, आणि डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत. डबलडे १८९३ मध्यें वारले होते. आपण असा शोध लाविल्याचें त्यांनीं स्वतः कोठेंही लिहून ठेविलेलें नाहीं. तरी समितीनें १९०७ च्या अखेरीस निकाल दिला तो याच साक्षीवर. १९३९ सालीं कूपर्सटाउनास शतसांवत्सरिक उत्सव होऊन खेळाचें संग्रहालयही उघडलें.

ही इमारत पाडिली ती कोणा मोठ्या सिद्धांतानें नव्हे, तर जुन्या कागदांनीं. १९४७ सालीं रॉबर्ट हेंडर्सन या ग्रंथपालानें आपल्या ग्रंथांत इंग्रजी मुलांच्या पुस्तकांतील दाखले पुढें मांडले. १७४४ च्या एका बालपुस्तकांत या खेळाचें नांव आहे. १७९६ च्या गुट्समूथ्सच्या जर्मन ग्रंथांत इंग्रजी बेसबॉलचे नियमच आहेत. २००४ सालीं त्याच पिट्सफील्ड गांवचा १७९१ चा एक ठराव उजेडांत आला: नव्या सभागृहाच्या खिडक्या फुटूं नयेत म्हणून ८० यार्डांच्या आंत बेसबॉल व इतर चेंडूचे खेळ खेळूं नयेत. आणि सर्वांत मौजेची साक्ष विल्यम ब्रे यांची. १७५५ च्या ईस्टरच्या सोमवारीं आपण बेसबॉल खेळल्याचें त्यांनीं आपल्या रोजनिशींत टिपलें आहे. ती नोंद २००८ मध्यें प्रसिद्धीस आली. हे ब्रे म्हणजे सरे परगण्याचा इतिहास पुरा करणारे व जॉन एव्हलिनच्या रोजनिशीचें संपादन करणारे पुराणवस्तुशोधक. आपल्याच पंथांतील माणूस तरुणपणीं चेंडू खेळला, त्यानें तें लिहून ठेविलें, आणि अडीचशें वर्षांनीं त्या एका ओळीनें एका राष्ट्राची दंतकथा ढांसळण्यास हातभार लागला. ग्रेव्ह्जची साक्ष सहासष्ट वर्षांनंतरची, ब्रेची त्याच दिवसाची. दोहोंतील अंतर आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

हीच कसोटी विटीदांडूस लावावी. बेसबॉलचा प्राण म्हणजे तळ: चेंडू मारून खेळाडूनें ठराविक तळांना फेरी घालून घरीं परत यावयाचें. विटीदांडूंत फेरी नाहींच. विटी कोलावी, टोलावी आणि अंतर मोजावें. लांकडानें कांहीं तरी उडविणें एवढेंच दोहोंत समान, आणि तेवढें तर जगांतील प्रत्येक देशाचीं पोरें करीत आलीं आहेत. संतवाङ्मयांत हमामा, हुतुतू, विटीदांडू यांबरोबर चेंडूफळीही आढळते. आणि पुढें क्रिकेट आलें तेव्हां तोच शब्द आमच्या लोकांनीं त्यास लाविला. शब्द जुना, वस्तु नवी. संतांच्या चेंडूफळीस क्रिकेट समजणें म्हणजे तुकोबांच्या काळीं यष्ट्या रोवल्या होत्या असें मानणें होय. कबड्डीचें मूळ अभिमन्यूच्या चक्रव्यूहांत व खो-खोचें रथांत शोधणारी लेखनपद्धति याच जातीची, म्हणून तिचा वेगळा परामर्श घेत नाहीं.

याचा अर्थ विटीदांडूस इतिहास नाहीं असा नव्हे. तो पाहिजे तेथें कोणी पाहत नाहीं. सातारा-सांगलीकडील मुलें विटी टोलल्यावर "वकट, लेंड, मूंड, नाल" असें मोजीत. हे शब्द निरर्थक समजून आम्ही सोडून देतों. तेलुगूंत एक, दोन, तीन, चार यांस ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. दोन्ही ओळी शेजारीं ठेविल्या म्हणजे आणखी बोलावें लागत नाहीं. हा खेळ, निदान त्याची गणना, मराठी मुलांकडे तेलंगणाच्या बाजूनें आली किंवा त्या लोकांच्या सहवासांत घडली. कोण्या अभिमानी लेखकानें हें रचलेलें नाहीं. न कळत राहून गेलेली खूण आहे, आणि म्हणूनच तिचें मोल ताम्रपटाच्या तोडीचें आहे. बेसबॉलचें पितृत्व मिळविण्याच्या भरांत हा खरा वारसा हातचा जावा, हें चमत्कारिक नव्हे काय? बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं १९३६ पासून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढून फार मोठें संकलन केलें. त्या कामाबद्दल त्यांचें ऋण सर्वांनींच मानलें पाहिजे. पण संकलन हा पुराव्याचा प्रारंभ असतो. पुढील लेखक त्यासच शेवट समजून उतारे करीत राहिले.

एक मोह आणखी सांगतों, कारण तो आम्हांलाही पडला होता. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठांत होते त्या काळांत, १९०९, १९१० व १९११ अशीं लागोपाठ तीन वर्षें, त्या विद्यापीठानें पोकीप्सी येथील वल्हेशर्यत जिंकली. साताऱ्याच्या सरकारी शाळेंत १९०० सालीं नांव घातलेले भीमराव आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठांत होते, आणि १९१४ ची तीच शर्यत कोलंबियानें जिंकली. तारखा जुळतात. एवढ्यावरून "हडसन नदीच्या कांठीं उभे राहून आंबेडकरांनीं तो जयघोष ऐकला" असें वाक्य लिहिणें किती सोपें आहे! महोत्सवी अंकांत अशीं वाक्यें अशींच जन्मतात. तारखांचें जुळणें ही साक्ष नव्हे. एखादें पत्र अथवा टिपण हातीं येईपर्यंत दोन ओळी शेजारीं ठेवून थांबणें एवढाच आमचा अधिकार.

आतां संग्राहकांना विनंती. पोथ्या, बखरी, सनदा आपण जपतां. छापील किंवा अर्धवट लिहिलेला विसाव्या शतकाचा कागद मात्र आपल्या दृष्टीला तुच्छ वाटतो. एका विद्यालयाच्या जुन्या वार्षिकांचे गठ्ठे रद्दीच्या काट्यावर चढलेले प्रस्तुत लेखकानें पाहिले आहेत. त्यांतील दोन अंक वजनाच्या भावानें सोडवून आणतां आले, बाकीचे गेले. त्या दोहोंपैकीं एकांत खेळांच्या फीचा वर्षाचा जमाखर्च आहे, आणि तो कोणत्याही गौरवलेखाहून अधिक सांगतो. पुण्यास १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें तेव्हां नदीकांठच्या पेठांतील किती दप्तरें चिखलांत गेलीं याची आठवण पुष्कळांना आहे. सांगलीनें २००५, २०१९ व २०२१ असे तीन महापूर पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर चढलें, आणि तेथें धोक्याची पातळी ४५ फुटांची. ज्या कांठावर होड्या बांधल्या जातात त्याच कांठावरील घरांत त्या होड्यांचे हिशेब असावयाचे. म्हणून ते आषाढापूर्वीं वरच्या मजल्यावर न्यावे, आणि शक्य तर त्यांची प्रत करून घ्यावी.

काय जपावें हें थोडक्यांत सांगतों. तरीच्या मक्त्याचे कागद. सुतारास दिलेल्या लांकडाच्या, खिळ्यांच्या व डांबराच्या पैशांच्या नोंदी. यांवरून होडीची लांबी काढतां येते. शर्यतीच्या हस्तपत्रिका, मग त्या कितीही भडक छापलेल्या असोत. हद्दीवरून किंवा बक्षिसावरून झालेल्या तंट्याचे अर्ज, कारण जेथें भांडण तेथें नियम लेखी येतात. पिट्सफील्डच्या ठरावाचेंही मूळ फुटणाऱ्या कांचांतच होतें. आणि संघांचीं छायाचित्रें. त्यांच्या पाठीवर पुष्कळदां पेन्सिलीनें नांवें व साल लिहिलेलें असतें. चौकट बदलतांना तो मागचा पुठ्ठा काढून टाकूं नये.